आधी रेघ, मग चहा

शेतकऱ्याच्या दारात जाऊन शेतकऱ्यालाच चहा पाजणारा सरकारी माणूस मी आजवर एकच पाहिला. त्यांच्या खांद्यावरच्या खाकी पिशवीत नकाशांच्या सुरळ्या असायच्या, एक जुनं होकायंत्र असायचं, आणि उरलेल्या सगळ्या जागेत स्टीलचा भलामोठा थर्मास आणि सहा छोटे पेले असायचे. आम्ही गावात शिरलो की लोक सवयीने घरात आवाज द्यायचे, "साहेब आल्यात, चहा टाक गं." त्यावर हे पिशवी खाली ठेवायचे, थर्मासचं झाकण फिरवायचे आणि शांतपणे म्हणायचे, "टाकू नगो बाई. मी आणलाय. बसा सगळे."

लोक आधी त्यांच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे. एकदा एका आजोबांनी पेला हातात धरून पाच मिनिटं विचार केला आणि विचारलं, "ह्यात काय अर्ज-बिर्ज लिवून द्यावा लागतोय काय?"

सगळं ऑफिस त्यांना अण्णा म्हणायचं. आयुष्यभर भूमापन खात्यात जमिनी मोजून ते निवृत्त झाले होते, आणि मग एका सरकारी संस्थेने त्यांना कंत्राटावर परत बोलावलं होतं. संस्थेचं काम होतं आमच्या जिल्ह्यात वाईनची द्राक्षं कुठे कुठे पिकतात त्याचा नकाशा करण्याचं. चहाचं कारण त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "शेतकऱ्याचा चहा पिऊन काढलेली रेघ वाकडी जाती. लई बघितल्यात तसल्या रेघा." म्हणून त्यांचा नियम होता, आधी रेघ, मग चहा. कागद वर जाऊन पक्का झाला की खुशाल त्या घरी जाऊन प्यावा. पण कागद पक्का व्हायला वर्षं लागायची, तोवर अण्णांची बदली झालेली असायची, आणि नुसत्या चहासाठी तेवढ्या लांब परत कोण जाणार? तर असा त्यांचा निम्म्या जिल्ह्यातला चहा प्यायचा राहून गेला होता. हे सांगताना त्यांचा चेहरा इतका साधा असायचा, की हसावं की काय करावं ते कळायचं नाही.

मी बेळगावातल्या वडगावची. आमच्या घरात पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत माणसं, अशी रचना. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला दोन महिन्यांची इंटर्नशिप करायची होती, आणि माझ्या वाट्याला हे काम आलं. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "दारूची द्राक्षं? दुसरं काय मिळालं न्हाय व्हय गं तुला?" आप्पा, म्हणजे माझे वडील, मागावर बसलेले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "नकाशा काढायचा हाय न्हवं? प्यायची न्हाय न्हवं?" मी नाही म्हटल्यावर त्यांचा विषय तिथेच संपला.

काम ऐकायला सोपं होतं. आभाळातून काढलेला फोटो संगणकात घालायचा. संगणक त्यात रंग भरून सांगणार, हा ऊस, ही तंबाखू, ही द्राक्षबाग, हे पडीक. आम्ही जाऊन बघायचं, रंग खरा की खोटा. ज्या गावाचं नाव नकाशातल्या द्राक्षपट्ट्यात येईल, तिथे हंगामात वायनरीची गाडी माल उचलायला येणार होती. वाईनचं द्राक्ष बारीक असतं, सालीला जाड, आत बिया. ते बाजारात मांडलं तर कोणी फुकट नेत नाही. त्यामुळे जे गाव पट्ट्यातून सुटलं, त्याचा माल वेलीवरच सुकणार, एवढं मला पहिल्याच दिवशी समजावून दिलं होतं.

मी नकाशाचं शिक्षण घेतलेली, जरा तोऱ्यातच गेले होते. अण्णांनी पहिला आठवडा मला एक अक्षर लिहू दिलं नाही. माझं काम थर्मास धरायचं आणि पेले विसळून मोजून ठेवायचं. मी मनातल्या मनात धुमसत होते. आठव्या दिवशी त्यांनी मला एक नोंद करायला दिली, आणि मी बांधावरूनच मांडव बघून "द्राक्ष" असं लिहून मोकळी झाले. त्यांनी वही वाचली, माझ्या दंडाला धरलं आणि थेट मांडवाखाली नेऊन उभं केलं. माझ्या नाकाला काहीतरी खरखरीत लागलं.

"काय हाय?"

"कारलं."

"वाईन करनार व्हय ह्याची?"

मांडवाचा मालक एवढा हसला की त्याला खाली बसावं लागलं. पुढचे दोन दिवस मी अण्णांशी नीट बोलले नाही. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

शेतात ते हेल्मेट घालून फिरायचे. डोक्याला सावली आणि कुत्र्यांना धाक, असं दुहेरी काम त्यावर भागतं असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्षात उलटंच व्हायचं. शिवारात टोप घातलेला माणूस बघून चांगली झोपलेली कुत्रीसुद्धा उठून अंगावर यायची, आणि अण्णा त्यांना कन्नडमध्ये समजावत उभे राहायचे. बेळगावहून आम्ही बसने निपाणीला जायचो. तिथे एका ओळखीच्या तंबाखूच्या वखारीत त्यांनी आपली जुनी स्कूटर लावून ठेवलेली असायची. त्या स्कूटरवर दिवसभर बसून माझ्या ओढणीला असा वास यायचा, की आईने एक दिवस माझी पर्स उलटी करून तपासली.

ऑफिसने दिलेल्या टॅबला ते "पाव्हणा" म्हणायचे. "पाव्हण्याला इचार, काय म्हणतोय." मी सांगायचे, पाव्हणा म्हणतोय ऊस. मग अण्णा वाकून त्या पडद्याकडे बघायचे आणि नकारार्थी मान हलवून कन्नडमध्ये म्हणायचे, "इल्ल, इल्ल." माणसांशी ते समोरचा ज्या भाषेत सुरुवात करेल त्या भाषेत बोलायचे, पण टॅबशी फक्त कन्नड. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "त्याच्यात मराठी घातलीच न्हाय गं. मग त्येला कळंल असंच बोलाय पायजे."

बाग खायच्या द्राक्षाची की वाईनच्या, हे त्यांनी कधी बागायतदाराला विचारलं नाही. ते घरातल्या बाईला विचारायचे, "ह्या द्राक्षाला पोरं हात लावत्यात काय?" लावतात म्हटलं की खायचं द्राक्ष. एकदा तोंडात टाकून पोरं परत फिरकली नाहीत असं म्हटलं की वाईनचं. माझ्या पुस्तकात ही परीक्षा नव्हती, आणि ती एकदाही चुकली नाही.

पण त्यांचा खरा नियम दुसराच होता. "जिथं उभा ऱ्हायलो न्हाय, तिथलं लिवायचं न्हाय." शेताच्या चारी कोपऱ्यांना ते पावलं मोजत चालायचे. चालताना लिहायचे नाहीत. चौथ्या कोपऱ्यावर उभं राहून चारही आकडे वहीत उतरवायचे, खाली वेळ टाकायचे, मग खूण. उपग्रहाच्या जमान्यात पावलं कशाला, म्हणून ऑफिसचे साहेब चिडायचे. साहेब बेंगळूरहून आलेले, तरुण, हुशार, आणि घाईत. म्हातारा उगीच उन्हातान्हात फिरतो आणि पोरीलाही फिरवतो, हे सगळं इथे बसून होतं, असं त्यांचं स्पष्ट मत. अण्णांची एखादी नोंद चुकलेली सापडावी म्हणून ते वाटच बघत होते.

ती नोंद मला सापडली.

शेवटचा आठवडा होता. सोमवारी नकाशा बेंगळूरला जायचा होता. मी फोटो एकेक करून शेवटचे बघत बसले होते. महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे हायवेपासून आत एक मुरमाड माळ आहे. संगणकाने त्याला पडीक जमिनीचा रंग दिला होता, आणि अण्णांनीही पडीक म्हणून खूण केली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं आणि पाव्हण्याचं एकमत झालं होतं. मी पुढे जाणार, एवढ्यात मला त्या करड्या रंगात रेघा दिसल्या. अगदी फिकट, पण सारख्या अंतरावर, एकापुढे एक.

मागावर ताणा चढवला की असंच दिसतं. कापड अजून नसतं, नुसते उभे धागे ताणून बसवलेले असतात. लहानपणापासून आमच्या पुढच्या खोलीत मी तेच बघत आले होते. पडीक माळावर एवढ्या नेमक्या अंतराने कोण रेघा ओढेल? मग लक्षात आलं, फोटो एप्रिलचा आहे. एप्रिलमध्ये द्राक्षाची छाटणी होते. वेली बोडक्या होतात, पान राहत नाही, नुसते खांब आणि तारा उरतात. वरून बघणाऱ्या संगणकाला ते पडीकच वाटणार.

पण अण्णांना? मी वही काढली. प्रत्येक पानावर चार कोपऱ्यांची पावलं आणि वेळ. या माळापुढे पावलं नव्हती, वेळ नव्हती. फक्त खूण.

ते तिथे उभेच राहिले नव्हते.

का, तेही मला ठाऊक होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या माळावर मोजणीची साखळी ओढताना उन्हाने त्यांना घेरी आली होती. तिथून हायवेने जाताना दर वेळी ते स्कूटरवरून हात करून सांगायचे, "त्या माळावर कुसळाबिगर काय उगवत न्हाय. शेळी बी थांबत न्हाय तितं." सांगायचे, आणि पुढे जायचे. आत वळायचे नाहीत.

मी घरी गेले ती तोंड पाडूनच. ज्या माणसाने मला कारल्याखाली उभं केलं, त्याचीच चूक हातात आली, तर खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट रडू येत होतं. साहेबांना कळलं तर अण्णांचं कंत्राट गेलं. गप्प बसले तर तिकडे कुणाच्या तरी बागेचा माल सुकणार. आप्पांना सगळं सांगितलं. ते मागावर तुटलेला धागा शोधत होते.

"तुला दिसलाय न्हवं तुटलेला?" ते म्हणाले. "मग माग थांबीव."

सकाळी मी अण्णांच्या टेबलावर फोटो ठेवला. म्हटलं, "अण्णा, हा ताणा हाय. छाटलेली बाग हाय ही." त्यांनी चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं, परत लावला. वहीचं पान उघडलं आणि आपल्याच खुणेवर बोट ठेवलं. मी सॉरी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.

"तू कशाला सॉरी?" ते उठले. "थर्मास भर."

माळावर गेलो तेव्हा मुरमातून दगडी खांबांच्या ओळी उभ्या होत्या आणि छाटलेल्या वेलींना बोटबोटभर फूट आली होती. सात घरांनी मिळून बागा लावल्या होत्या. पहिल्या बागेची मालकीण बांधावर आली. पन्नाशीची बाई, डोक्यावर पदर, हातात छाटणीची कात्री. गावात तिला सगळे आक्काच म्हणत.

"आलासा व्हय अण्णा?" ती म्हणाली. "दोनदा बघितलंय तुमाला हायवेवरनं टोप घालून जाताना. म्हटलं आज वळतील, उद्या वळतील."

एवढ्यात बाकीच्या बागांतलीही माणसं गोळा झाली. अण्णांनी थर्मास काढला नाही. पिशवी खाली ठेवून ते सरळ उभे राहिले.

"माजी चूक झाली," ते म्हणाले. "मी हितं आलतो न्हाय, आणि आलो म्हणून लिवलं. तुमच्या बागांना पडीक लिवलंय मी."

आक्काने कात्री बंद केली. "आता आलासा न्हवं," ती म्हणाली. "चला, दावतो."

भर दुपारी त्यांनी सातही बागांच्या चारी कोपऱ्यांना पावलं मोजली. अठ्ठावीस कोपरे. त्यांचा गुडघा दुखत होता, पाय ओढत चालत होते. चौथ्या बागेपाशी मी म्हटलं, "राहू दे अण्णा, फोटोत रेघा दिसतात, मी ऑफिसात बसून काढते." ते थांबले नाहीत. "चुकलो ते न चालता चुकलोय," एवढंच म्हणाले. शेवटच्या बागेचा एक कोपरा सरहद्दीच्या दगडापलीकडे महाराष्ट्रात गेला होता. तिथे पाऊल टाकताच टॅब क्षेत्राबाहेर, क्षेत्राबाहेर म्हणून वाजायला लागला. "भ्यालाय पाव्हणा," अण्णा म्हणाले, आणि तिकडची पावलंही वहीत लिहिली. त्या दिवसात ते हसले ते तेवढंच.

मग सगळ्यांना थर्मासचा चहा दिला. आक्काने आपल्या घरचा आणायला सून पाठवली, तर नको म्हणाले. "रेघ काढलासा की आता," आक्का म्हणाली. "काढली. अजून कागद वर गेला न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी सांगायच्या आधी तेच साहेबांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. "साहेब, माजी एक नोंद खोटी हाय." साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, आता वेळ नाही, आणि एवढ्याशा सात तुकड्यांनी पट्टा काही बदलत नाही.

"तुमचा बदलत न्हाय साहेब," अण्णा म्हणाले. "त्यांचा बदलतोय."

साहेबांनी फाइल पुढे ओढली. मग म्हणाले, ठीक आहे, दुरुस्ती करतो, पण जागेवर न जाता नोंद केली असं तुम्ही फाइलवर स्वतःच्या हाताने लिहून द्या. त्याचा अर्थ काय होतो ते मला कळत होतं, आणि अण्णांना तर माझ्याआधी कळलं असणार. त्यांनी फक्त पेन मागितलं. अक्षर त्यांचं नेहमीसारखंच होतं, गोल आणि सुटं. मी दाराबाहेर उभी होते आणि आत बसलेला हा म्हातारा आपला आहे असं त्या साहेबांना ओरडून सांगावंसं वाटत होतं.

नव्या नकाशाची प्रत छापून आली. खाली कोपऱ्यात दोन चौकटी असतात, एक तयार करणाऱ्याच्या सहीची, एक तपासणाऱ्याची. अण्णा कायम दुसऱ्या चौकटीत सही करत आले होते. त्या दिवशी त्यांनी पहिल्या चौकटीत सही केली आणि कागद माझ्याकडे फिरवला.

"अण्णा, मी शिकाऊ हाय."

"म्हणूनच. शिकाऊ माणूस बघून लिवतोय. शिकलेला आठवून लिवतोय. कर सही."

मी केली. चौकट लहान होती, त्यामुळे माझ्या आडनावाचं शेवटचं अक्षर आजही त्या नकाशात वाकडं आहे. साहेबांनी ती सही बघितली, अण्णांकडे बघितलं आणि कागद पाकिटात घातला.

त्यांचं कंत्राट पुढे वाढलं नाही. कारण कोणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. ते खानापूरकडे आपल्या गावी गेले. मी आता बेळगावातच नकाशांचं काम करते, आणि पावलं मोजते म्हणून माझ्याही ऑफिसात लोक हसतात. खुशाल हसोत. मी कुणाच्या हाताखाली शिकले ते त्यांना माहीत नाही.

दिवाळीनंतर एकदा त्यांचा फोन आला. नकाशा मंजूर झाला होता, आक्काच्या गावाचं नाव पट्ट्यात आलं होतं. "उद्या सुट्टी काढ," ते म्हणाले. "नकाशा घे. थर्मास आणू नगो."

वखारीतून स्कूटर काढून आम्ही माळाकडे वळलो. वेलींना मिरीएवढे मणी धरले होते. आक्काच्या अंगणात चटई टाकली, मी नकाशा पसरला आणि चारी कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. "तुमची बाग दावा," अण्णा म्हणाले. आक्काने हायवे धरला, ओढा धरला, बोट हळूहळू आत आणलं आणि आपल्या बागेवर टेकवलं. तिथून ते उचलायला तिला बराच वेळ लागला. "हीच न्हवं?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, हीच.

सुनेने चहा आणला. आक्काने पहिला कप अण्णांपुढे केला, तर त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. "आदी तपासणारीला." मी घेतला. दुसरा कप आला. अण्णांनी हेल्मेट काढलं आणि शेजारी चटईवर ठेवलं. शेतकऱ्याच्या घरी मी त्यांना बोडक्या डोक्याने बसलेलं कधी बघितलं नव्हतं. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावला, डोळे मिटले, आणि तो संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

बांधावर बाकीची माणसं येऊन थांबली होती. अजून सहा घरं बाकी होती.